पूर्वेकडच्या बाल्कनीसाठी फुलांची वेल कोणती घ्यावी?

सकाळचं_ऊन

नमस्कार मंडळी. बाल्कनीत फुलांची वेल चढवायची आहे, पण रोप आणण्याआधी नीट विचार करून घ्यावा म्हणून हा धागा. जागेची मापं देते.

लांबी १० फूट, रुंदी ४ फूट, चौथा मजला, तोंड पूर्वेला. कठडा साडेतीन फूट उंच. त्यातली खालची दोन फूट भरीव भिंत आणि वर दीड फूट लोखंडी गज. डोक्यावर स्लॅब आहे, फरशीपासून ९ फुटांवर. थेट ऊन सकाळी सातला येतं आणि साडेदहाला जातं. उजव्या टोकाला बाजूच्या भिंतीची सावली पडते, तिथे जेमतेम दोन तास. पाऊस आत येत नाही, वारा मात्र जोराचा.

कुंड्या दोन, फार तर तीन. वास असलेली फुलं मिळाली तर फारच छान. कठड्यापासून स्लॅबपर्यंतचा निम्मा भाग तरी सहा-सात महिन्यांत झाकला जावा अशी इच्छा आहे. माझ्या यादीत बोगनवेल, मधुमालती, कृष्णकमळ, जुई आणि गोकर्ण आहेत. यातलं काय चालेल? कुंडी केवढी घ्यावी आणि आधार कसला द्यावा?

वेलबुट्टी

मापं दिलीत हे फार बरं केलंत. वेल निवडताना आधी उन्हाचे तास मोजायचे, मग ती आधाराला कशी धरते ते बघायचं, मग कुंडी ठरवायची. फुलाचा रंग आणि वास सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा हे उलट्या क्रमाने होतं आणि वर्षभर नुसती पानं बघत बसावं लागतं.

यादीतून बोगनवेल आधी काढा. तिला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. साडेतीन तासांत ती मरणार नाही, लांबच लांब काटेरी फांद्या सोडेल, पण रंग धरणार नाही. कृष्णकमळ जरा सोसतं, पण तुमच्याकडे तुरळक फुलेल, आणि त्याचं एक फूल एकच दिवस टिकतं. त्यामुळे एकावेळी भरपूर कळ्या असल्या तरच त्याची शोभा.

जुई घ्या. सकाळच्या तीन-चार तासांच्या उन्हात ती फुलते, कुंडीत राहते आणि वास तर आहेच. रोप घेताना पानं बघा. जुईचं मोठं पान एकच दिसतं आणि त्याच्या देठाशी दोन अगदी बारीक पानं चिकटलेली असतात. कधी तीही नसतात. जाईचं पान पाच-सात-नऊ लहान पानांचं मिळून असतं. नर्सरीत ही रोपं सर्रास एकमेकांच्या नावाने विकली जातात. जाईही चालली असती, पण तिला थोडं जास्त ऊन लागतं आणि पसाराही मोठा. जुईला डाव्या टोकाची, पूर्ण साडेतीन तासांची जागा द्या.

यादीत नसलेली एक वेल सुचवते: क्लेरोडेंड्रम थॉमसोनी. नर्सरीत ‘ब्लीडिंग हार्ट’ वेल म्हणून मिळते. पांढऱ्या फुगीर पाकिटातून लाल फूल डोकावतं. लाल फूल लवकर गळतं, पण पांढरा भाग पुष्कळ दिवस टिकतो आणि हळूहळू फिका जांभळट-गुलाबी होतो. वास नाही. पण सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हे तिच्या मनाजोगतं हवामान आहे. कुंडीत आठ-दहा फुटांपर्यंत जाते, म्हणजे तुमच्या स्लॅबला पुरते. थंडी १० अंशांच्या खाली जात असेल तर पानं टाकते.

गोकर्ण पहिल्या वर्षी जागा भरायला लावा. बी रात्रभर पाण्यात भिजवा. जे फुगत नाही त्याचं कवच सँडपेपरवर हलकं घासून पुन्हा भिजवा. मग एक सेंटिमीटर खोल पेरा. एक-दोन आठवड्यांत उगवतं आणि साधारण दोन महिन्यांत फुलू लागतं. शेंगा धरू दिल्या की फुलं कमी होतात, म्हणून हिरव्या असतानाच खुडा. बियांसाठी चार-पाच शेंगा वाळेपर्यंत ठेवल्या की बास. तुमच्या उन्हात ती कमी फुलं देईल, पण पाना-फुलांचा पडदा तयार होईल.

उजवं टोक दोन तासांचं आहे, तिथे फुलांचा आग्रह धरायचाच असेल तर होया. जाड, मेणचट पानं, चांदण्यांचे झुबके आणि रात्री गोड वास. वाढ मात्र अगदी संथ. तिला सहा इंची कुंडी पुरते, उलट मुळं दाटल्यावरच ती नीट फुलते. फुलं गळाल्यावर उरणारा आखूड दांडा कापू नका, पुढच्या वेळची फुलं त्याच दांड्यावर येतात. स्वच्छतेच्या भरात तो छाटला जातो आणि मग होया फुलत नाही अशी तक्रार येते.

कुंडीतली_माती

वेलबुट्टी, बाकी सगळ्याला अनुमोदन, पण मधुमालतीबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझ्या मते ती अगदीच बाद नाही. संध्याकाळी पांढरी उमलणारी फुलं पुढे गुलाबी आणि मग लाल होतात, एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात, आणि रात्री वास येतो. वास आणि झटपट आच्छादन, दोन्ही एकाच वेलीत हवं असेल तर हिच्या तोडीची दुसरी नाही. १६ ते १८ इंची कुंडी आणि वर्षातून एकदा कडक छाटणी, एवढं केलं की बाल्कनीत राहते. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटल्याने नुकसान होत नाही.

वेलबुट्टी

पाच तास ऊन असतं तर मी तिचंच नाव पहिलं लिहिलं असतं. साडेतीन तासांत ती वर प्रकाशाकडे धावते, स्लॅबच्या कडेवरून बाहेर वळते आणि सगळे घोस वरच्या मजल्यासमोर लटकतात. खाली उघडी काष्ठं उरतात. शिवाय पान गळालं की देठाचा बुडखा तिथेच वाळून टणक, आकडेदार काटा होतो. चार फूट रुंदीच्या जागेत ये-जा करताना तो कपड्यांना आणि हातांना लागतो. मुळंही जोरकस, कुंडीच्या भोकातून बाहेर येऊन फरशीच्या सांध्यात शिरतात. ती लावायचीच असेल तर कुंडी तीन-चार इंच उंच स्टँडवर ठेवा आणि महिन्यातून एकदा खाली वाकून बघा.

आणखी एक. पूर्वेचं ऊन वर्षभर एकाच जागी पडत नाही. सूर्य उत्तरेला-दक्षिणेला सरकतो तशी बाजूच्या भिंतीची सावलीही सरकते. आज उजवं टोक सावलीत आहे. सहा महिन्यांनी तेच उन्हात आणि डावं सावलीत, असंही होऊ शकतं. आत्ताची मोजणी कोणत्या ऋतूतली आहे ते लक्षात ठेवा आणि कुंड्या सरकवता येतील अशा ठेवा.

भरीव कठड्याची काळजी मात्र करू नका. ऊन पानांना हवं, कुंडीला नको. मुळं गार राहिली तर वेलीचं भलंच होतं. खालचे दोन फूट खोड उघडं दिसेल इतकंच.

मांडव

आधाराचं मी सांगतो, कारण जोराच्या वाऱ्याच्या जागी खरी पडझड इथेच होते.

इथे चर्चेत असलेल्या वेली मुख्यतः तीन तऱ्हेने चढतात. गोकर्ण, क्लेरोडेंड्रम यांचं खोड स्वतः गुंडाळतं. त्यांना उभी दोरी किंवा तार लागते, बोटापेक्षा जाड नको. कृष्णकमळासारख्या वेली तणाव्यांनी, म्हणजे स्प्रिंगसारख्या वळणाऱ्या तंतूंनी धरतात. तणावा बारीक असतो, त्याला पेन्सिलपेक्षाही बारीक तार किंवा जाळी हवी. जाड पाइपाभोवती तो वळत नाही, मग वेल खाली लोंबते आणि आपण खताला दोष देतो. बोगनवेल आणि जुई नुसत्या रेलतात, त्यांना हाताने बांधावंच लागतं.

तुमच्यासाठी २ मिमीची स्टेनलेस स्टीलची तार सगळ्यात बरी. वर स्लॅबच्या खालच्या बाजूला एकेक फुटावर आय हुक लावा. ६ मिमीचं भोक, त्यात रावलप्लग (हुक घट्ट धरणारी प्लास्टिकची नळी), त्यात हुक. स्लॅबच्या कडेपासून तीन-चार इंच आत भोक घ्या, अगदी कडेला घेतलं तर काँक्रीटचा टवका उडतो. खालचं टोक कठड्याच्या गजाला बांधा आणि प्रत्येक तारेला एक छोटा टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) द्या. वेलीचं वजन वाढलं की तार सैल होते, तेव्हा तो दोन फेरे पिळला की काम झालं. उभ्या तारांना दीड-दीड फुटावर आडव्या तारा बांधा. जुईला त्या लागतीलच. भिंतीलगत तार नेणार असाल तर भिंतीपासून दोन इंच अंतर ठेवा. वारा खेळला नाही तर पानांमागे किडी आणि बुरशी साठते.

भोकं पाडायची परवानगी नसेल तर वेलभाज्यांच्या मांडवाची नायलॉन जाळी, चार ते सहा इंची डोळ्यांची, गजांना बांबू उभे बांधून त्यावर ताणा. गोकर्णासाठी साधी सुतळीच उत्तम. हंगाम संपला की वेल आणि सुतळी एकत्र कापून कंपोस्टमध्ये टाकता येते. नायलॉनमधून वाळक्या वेली सोडवत बसणं फार किचकट.

कुंडीतच खोचायच्या जाळ्या मिळतात त्या घेऊ नका. पानांनी भरलेली जाळी शिडासारखी वारा धरते आणि चौथ्या मजल्यावर कुंडीसकट आडवी होते. आधार इमारतीला बांधायचा, कुंडीला नाही. कठड्यावर किंवा बाहेरच्या बाजूला कुंडी अडकवायची तर बातच नको.

वजनाचा अंदाज घ्या. समजा कुंडी १४ इंची घेतलीत, तर तीत साधारण २५ लिटर मिश्रण बसतं. नुसती माती भरली तर ओली असताना लिटरला दीड किलोच्या पुढे जाते, म्हणजे एक कुंडी ४० किलोच्या आसपास. निम्मं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि कंपोस्ट असेल तर पाव ते एक तृतीयांश वजन सहज कमी होतं. तुमच्या दोन-तीन कुंड्यांना धोका काहीच नाही, पण बाल्कनी अधांतरी बाहेर काढलेली असेल तर जड कुंड्या कडेच्या मध्यावर न ठेवता दोन्ही टोकांना, भिंतीजवळ ठेवाव्यात.

सकाळचं_ऊन

खूपच उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. बोगनवेल आणि मधुमालती रद्द. डाव्या टोकाला जुई, मधे क्लेरोडेंड्रम, आणि दोघींच्या कुंड्यांत पहिल्या वर्षापुरती गोकर्ण लावली तर? माती आणि खताचंही सांगाल का? आणि वेल सगळी वर जाऊन खाली मोकळी राहू नये म्हणून काय करायचं?

हिरवा_शेंडा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण फुलं किती येणार हे बहुतांशी त्यावरच ठरतं.

वेलीचा शेंडा सरळ वर जात असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. फांदी आडवी केली की हा दाब कमी होतो आणि जवळजवळ प्रत्येक पेरावर धुमारा फुटतो. त्या धुमाऱ्यांच्या टोकाला कळ्या. म्हणून वेल सरळ चढवायचीच नाही. रोप एक फुटाचं झालं की शेंडा खुडा, दोन-तीन फांद्या येतील. त्यातली एक डावीकडे, एक उजवीकडे, पहिल्या आडव्या तारेवर न्या. तारेच्या टोकाला पोचली की तिथून वरच्या तारेवर उलट दिशेने वळवा. असं नागमोडी नेत स्लॅबपर्यंत जा. सात-आठ महिने लागतील, पण पडदा खालपासून भरतो.

फांदी हिरवी, लवचिक असतानाच वाकवा. तपकिरी साल धरली की पेराशी मोडते. दोरी मऊ, सुती, आणि आठच्या आकड्यात बांधा: एक फेरा तारेला, एक सैल फेरा फांदीला. घट्ट बांधलेली दोरी फांदी जाड झाल्यावर आत रुतते आणि त्याच्या पुढचा भाग अचानक सुकतो. शेंड्याची शेवटची पाच-सहा इंच बांधू नका, त्याला वर बघू द्या. तोही आडवा दाबला तर वाढच मंदावते. आणि जी वेल स्वतः वळते तिला तिच्या दिशेनेच गुंडाळा, उलटी गुंडाळली तर दोन दिवसांत सुटून येते.

गोकर्ण त्याच कुंडीत नको. सहा आठवड्यांत ती जुईच्या डोक्यावर चढेल आणि तिचं ऊन खाईल, तुमच्याकडे ऊनच मोजकं आहे. तिसरी कुंडी १२ इंची घ्या, तीन रोपं लावा.

मिश्रण असं: चार भाग बागेची माती, तीन भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) किंवा जाड वाळू. वजन कमी हवं असेल तर मातीचा एक भाग काढून कोकोपीट वाढवा. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून काढा, नाहीतर त्यातल्या क्षारांनी कोवळ्या पानांच्या कडा करपतात. तळाच्या भोकांवर खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवा. त्यावर खड्यांचा थर देण्याची गरज नाही, त्याने निचरा सुधारत नाही, मातीची जागा मात्र जाते.

खतात नत्र वाढलं की काळोखी हिरवी, मोठाली पानं येतात आणि कळ्या येत नाहीत. १४ इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी गांडूळखत पुरे. वाढीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत पंधरा दिवसांनी १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम, आणि कळ्या दिसू लागल्या की त्याऐवजी ०-०-५० (पालाशचं खत), तेवढ्याच प्रमाणात. खत नेहमी ओल्या मातीवर. गोकर्णाला वेगळं नत्र देऊच नका, तिच्या मुळांवरच्या गाठी ते काम करतात.

पाणी बोट बघून. दीड इंच आत कोरडं लागलं की भोकातून बाहेर येईपर्यंत द्या. एक दिवस पूर्ण सुकवणं आणि दुसऱ्या दिवशी चिखल करणं, याने जुईच्या कळ्या टाचणीएवढ्या असतानाच गळतात. तुमच्याकडे पाऊस आत येत नाही, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जायला वाव नाही. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसू लागली की एकदा २०-२५ लिटर पाणी थोडं थोडं करून आरपार जाऊ द्या आणि ताटलीत जमलेलं ओतून टाका.

छाटणी: जुई थंडी संपता संपता, नवी फूट यायच्या आधी. दुबळ्या, वाळक्या काड्या बुडातून काढा. मुख्य फांद्या जिथवर तारेवर बसवल्यात तिथवर ठेवा आणि बाजूचे धुमारे दोन-तीन पेरांवर आणा. क्लेरोडेंड्रमही नव्या फुटीवर फुलतं. एक बहर संपला की झुबक्याखाली दोन पेरं कापा.

कुंडीतली_माती

किडींचं राहिलं. आडोशाच्या बाल्कनीत तीनच मुख्य त्रास. पान फिकट ठिपक्यांचं होऊन मागे बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या मागून, तीन-तीन दिवसांनी, दोन आठवडे. पेरांत कापूस अडकल्यासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग खोडावरून वर जात असेल तर आधी तिथेच शोधा. ब्रशने पुसून काढा, मग कडुनिंबाचं तेल ५ मिली आणि पातळ साबण १-२ मिली एक लिटर पाण्यात घोटून फवारा. ऊन उतरल्यावरच, भर उन्हात पानं भाजतात. तिसरे फुलकिडे: कळ्या वेड्यावाकड्या, तपकिरी होतात. एक कळी पांढऱ्या कागदावर झटका, सुईच्या टोकाएवढे किडे सरपटताना दिसले तर त्या सगळ्या कळ्या खुडून पिशवीत बांधून फेका आणि तेच फवारे आठवड्याने द्या.

पुढे कुणी हा धागा वाचेल म्हणून आणखी एक. घरात पानं-बिया तोंडात घालणारं मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर कळलावी अजिबात नको. तिचे सगळेच भाग, विशेषतः कंद, जीवघेणे विषारी आहेत. अलामांडाचा चीक त्वचेला आणि पोटाला त्रास देतो. मॉर्निंग ग्लोरीच्या बिया विषारी. पिवळ्या फुलांची जेल्सेमियम ही वेल जॅस्मिनच्या नावाखाली विकली जाते, पण तिचा जाई-जुईशी संबंध नाही आणि ती पूर्ण विषारी आहे.

सकाळचं_ऊन

शेवटचं विचारते. रोप आणल्या आणल्या थेट १४ इंची कुंडीत लावायचं का?

वेलबुट्टी

पिशवी केवढी आहे त्यावर ठरतं. सात-आठ इंची पिशवीतलं, दोन फुटी रोप असेल तर थेट चालेल. चार इंची पिशवीतलं लहान रोप असेल तर आधी आठ इंची कुंडीत लावा. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते, आंबते आणि मुळं कुजतात. तळाच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावली की मोठी कुंडी.

आणल्यावर आठवडाभर पिशवीतच, तुमच्याच उन्हात ठेवा. एक-दोन पानं पिवळी होतील, ती जागा बदलल्यामुळे. मग संध्याकाळी लावा, मातीची पातळी पिशवीत होती तेवढीच ठेवा आणि वरून दीड इंच कुंडी रिकामी सोडा, नाहीतर पाणी बाहेर ओघळतं. तारा मात्र कुंडी भरायच्या आधी ताणून घ्या. वेल लावल्यावर डोक्यावर ड्रिल चालवलं की सगळा चुरा कोवळ्या शेंड्यांवर पडतो.